रायरांची शेंडी

दिवाळीच्या दिवशी, अजून उजाडलंही नव्हतं तेव्हा, आमच्या दारावर धाडधाड थापा पडल्या आणि बाहेरून खणखणीत आवाज आला, "गंगास्नानम् आच्चा?"

कुंभकोणमला बिऱ्हाड मांडून मला थोडेच दिवस झाले होते. तमिळचं एक अक्षर कळत नव्हतं. कुठे आग लागली की काय अशा समजुतीने मी ह्यांना गदागदा हलवून उठवलं. ह्यांनी दार उघडलं तर समोर घरमालक उभे. कपाळभर गोपीचंदन, कोरं धोतर, पाठीवर मोकळी सोडलेली ओली लांबलचक शेंडी, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात पितळेची वाटी.

"काय झालं?" हे डोळे चोळत म्हणाले.

"गंगा झाली कां, म्हणून विचारतों. तुमच्या साताऱ्यांत विचारीत नाहींत?"

"गंगा इथं कुठली? इथं कावेरी ना?" हे गणिताचे मास्तर. झोपेतसुद्धा चूक दाखवल्याशिवाय राहवत नसे.

"आजच्या दिवशीं ती तुमच्या उन्हपाण्याच्या हंड्यांत येते. येऊन वाट पाहत बसली आहे, नि तुम्ही निजलां!" म्हाताऱ्याने कंदील वर केला आणि ह्यांच्या कानामागे बघितलं. "तेल नाहीं." मग वाटी माझ्या हातात दिली. "न्हाऊन हें घ्यायचें, मग फराळ. उलट केलां तर पोट दुखेल, नि नांव देवाचें होईल."

वाटीत काळंकुळकुळीत, तुपाने चकाकणारं काहीतरी होतं. आलं, मिरी, ओवा, गूळ आणि आणखी कायकाय आटवून केलेलं ते दिवाळीचं लेहियम. जिभेवर ठेवलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. गल्लीतल्या प्रत्येक घरी ते त्या दिवशी पोचत असे आणि प्रत्येक घरातून पाणी पिण्याचा आवाज येत असे. मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरलाही त्यांनी एकदा ते चाटवलं होतं म्हणतात. तो डॉक्टर पुढे दर वर्षी दिवाळीला दौऱ्यावर जाऊ लागला.

त्यांचं नाव मी सांगत नाही. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारतही नसे. तिकडे आपल्या मराठी ब्राह्मणांना सरसकट रायर म्हणतात. गल्लीत मराठी घरं चार होती, पण नुसतं 'रायर' म्हटलं की ते हेच. आजोबा तंजावरच्या राजवाड्यात गुलाबदाणी घेऊन उभे राहत. राज्य कंपनीने खालसा केलं, गुलाबपाणी संपलं, आणि कुटुंब कुंभकोणमला आलं. जवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावात थोडी भातशेती होती, त्यावर घर चाले. मागच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, तिथे आम्ही. मी साताऱ्याची असं कळल्यावर त्यांनी मला बसायला पाट दिला आणि स्वतः जमिनीवर बसले. "साताऱ्याच्या म्हणजे आमच्या धन्याच्या थोरल्या घरच्या तुम्ही," म्हणाले. माझे वडील साताऱ्यात वैद्यकी करत आणि आमचा छत्रपतींशी काडीचा संबंध नव्हता. ते मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. ऐकत नसत.

त्यांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मला हसू यायचं. दोनशे वर्षांपूर्वी कुणी पेटीत घालून ठेवलेली आणि परवाच बाहेर काढलेली अशी ती भाषा. 'मी सांगितलं' असं ते कधी म्हणत नसत, 'मी सांगितलों' म्हणत. 'का' नाही, 'काय म्हणून'. आणि प्रत्येक वाक्यात तमिळमधला प्रेमाचा 'मा'. माझ्या मराठीला ते उलट म्हणायचे, "छान आहे मा, पण घाईंत शिकल्यासारखी आहे."

घरात दोन पंचांगं टांगलेली असत. एक तमिळ, एक आपलं. पाडवा करायचे, आणि पुढे तमिळ चैत्राचा पहिला दिवस आला की तोही करायचे. पाडव्याला कडुलिंबाची पानं आणि त्या दिवशी कडुलिंबाच्या फुलांची कैरी घातलेली पच्चडी.

"दोनदा कशाला?" मी एकदा विचारलं.

"कडू दोनदां खाल्लें तर वर्ष बिघडायचें कसें?"

देव त्यांच्या नात्यातला होता. असंच म्हणायला हवं. श्रद्धा वगैरे मोठा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. देवघरात वीतभर उंचीचा काळा विठोबा होता, तो तंजावरहून आलेला. त्याची पूजा म्हणजे सगळ्या गल्लीचं बातमीपत्रच असे. मंत्र म्हणता म्हणता मध्येच, "समोरच्यांची म्हैस व्याली, रेडकू झालें. असो," असं म्हणून पुढचा मंत्र. इतर देवांशी तमिळ, विठोबाशी मात्र मराठी. तो परगावचा, त्याला दुसरं येत नाही अशी त्यांची खात्री. पाऊस लांबला तर नैवेद्याला गोड बंद. नुसता दहीभात. "तोंड आलें असेल त्याचें, म्हणून मेघांस हांक मारीत नाहीं. पथ्य करूं दे."

आणि कावेरीचं तर काय सांगू! उन्हाळ्यात तिथे नदी म्हणजे नुसती वाळू. मुलं चेंडू खेळतात, धोबी खड्डे खणून पाणी काढतात. आषाढाच्या सुमारास वरून पाणी सोडतात. ते निघाल्याची वार्ता आली की रायर नवं उपरणं घेऊन चालत तिरुवलंचुळीपर्यंत जात. तिथल्या पांढऱ्या गणपतीला हात जोडायचे आणि नदीच्या कोरड्या पात्राच्या काठाला बसून राहायचं. पाण्याची पहिली जीभ वाळूवरून सरकत आली की उठायचं आणि तिच्याबरोबर काठाकाठाने घरी चालत यायचं. माहेरवाशिणीला आणायला गेल्यासारखं. पाणी वाळूत मुरून रेंगाळलं तर हेही थांबत. घरी आल्यावर पाय धुता धुता सांगत, "आली. दमली आहे, आज कोणी कपडे धुवूं नका."

ह्या माणसाला एकच गर्व होता, तो शेंडीचा. साठीतही काळी, जाड, सोडली तर कमरेपर्यंत. तिला ते स्वतः कढवलेलं तेल लावत, उन्हात ओट्यावर बसून वाळवत, आणि मग अशी घट्ट गाठ मारत की लोक म्हणत, रायरांची गाठ आणि कोर्टाचा निकाल सुटत नाही. राजवाड्यात त्यांच्या आजोबांच्या शेंडीचं महाराजांनी कौतुक केलं होतं, ही गोष्ट त्यांनी मला ओळख झाली त्याच दिवशी सांगितली.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा एकच, नागपट्टणमला बंदरावर कारकून. त्याची बायको अंबुजा, अंबू. सणावाराला दोघं येत. ती माझ्याहून लहान, हसरी, आणि तिचे केस तिच्या सासऱ्यासारखेच दाट. घरात कोणाचे केस चांगले यावर सासरा-सुनेची लटकी भांडणं चालत.

आम्ही आल्यानंतरच्या उन्हाळ्यात तो मुलगा तापाने गेला. आजारी पडला तेव्हाच त्याला कुंभकोणमला आणला होता. रायरांनी विठोबासमोर बसून काय काय कबूल केलं ते मी भिंतीपलीकडून ऐकत होते. ते इथे लिहीत नाही. मुलगा गेला त्या सकाळी देवघरातला आवाज थांबला.

सुतक फिटल्यावर पूजा पुन्हा सुरू झाली. आंघोळ, चंदन, तुळस, फूल, नैवेद्य, सगळं जागच्या जागी. पण मंत्र नाही, घंटा नाही, शब्द नाही. देवाशी अबोला. घरात भांडण झाल्यावर बाई जेवायला वाढते पण बोलत नाही, तसं ते देवाला वाढत होते.

त्याआधी, दहाव्याच्या आदल्या दिवशी, तंजावरहून त्यांचे थोरले चुलतभाऊ आले. बरोबर गल्लीतले भटजी, त्यांना तिकडे वाध्यार म्हणतात. ओट्यावर बसून हलक्या आवाजात बोलणं झालं. उद्या न्हावी येईल. विधवेचं जे करायचं ते करून घ्यायचं. रायर मान हलवत होते. ते काही सुधारक नव्हते. शास्त्राच्या बाहेर पाऊल टाकायचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. सोवळ्याओवळ्यापायी त्यांनी मला किती वेळा अंगणातून परत पाठवलं होतं!

मी अंबूजवळ स्वयंपाकघरात बसले होते. भाऊ आणि वाध्यार गेल्यावर ती उठली, दाराच्या चौकटीशी जाऊन उभी राहिली.

"मामंजी."

त्यांनी वर बघितलं नाही.

"मज केंस ठेवायचे आहेत."

एवढंच म्हणाली. रडली नाही, विनवणी केली नाही. रायर उठून मागच्या अंगणात विहिरीपाशी गेले आणि संध्याकाळ होईपर्यंत तिथेच येरझारा घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी आला. भाऊ, वाध्यार, नात्यातली चारसहा मंडळी ओट्यावर. अंबू आत माझा हात धरून बसलेली. तिची नखं माझ्या मनगटात रुतत होती. बाहेर रायरांचा आवाज आला. "पाट मांड."

पाट मांडल्याचा आवाज झाला. मला राहवलं नाही, मी दाराच्या फटीतून बघितलं. पाटावर रायर स्वतः बसले होते. शेंडीची गाठ सोडून त्यांनी ती पुढे छातीवर घेतली होती.

"काढ," ते न्हाव्याला म्हणाले.

न्हावी गेली तीस वर्षं त्यांचं डोकं करायचा, शेंडी सोडून. तो हात जोडून मागे सरकला. "वेंडाम् सामी. नको सामी."

"अरे, हें काय चालविलास?" भाऊ ओरडले. "धाकट्यासाठीं वडिलांनीं क्षौर करायचें नसतें!"

"घरांतलें एक डोकें भादरायचें आहे ना? शास्त्रास केंस पाहिजेत. घरांत सर्वांत लांब केंस माझे. आजोबांपासून सर्वांस ठाऊक."

"थट्टा करतोस? सुनेचें काय?"

"दादा, माझी बायको गेली तेव्हां तुम्हीं मज सोन्याची आंगठी देऊन दुसरेपणाचें विचारलां. मीही रांडवाच. मज देवघरांतून कोणी काढलें नाहीं, लग्नाच्या पंक्तींतून उठविलें नाहीं. मी काल सबंध दिवस विहिरीभोंवतीं फिरलों. मज कारण सांपडलें नाहीं. तुम्हांस सांपडलें तर सांगा, मी उठतों."

भाऊंनी वाध्यारांकडे बघितलं. वाध्यार म्हणाले, "बिनशेंडीच्या ब्राह्मणाच्या हातची पूजा देवाला पोचत नाही, रायर."

"सध्यां आमचें बोलणेंच नाहीं," रायर म्हणाले. "काढ रे."

न्हावी रडत होता. वस्तरा चालला. ती शेंडी पाटाशेजारी पडली तेव्हा आत अंबूला ते दिसलं नाही, पण तिला कळलं. तिने माझं मनगट सोडलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्या दिवसापासून गल्लीने रायरांना वाळीत टाकलं. वाध्यार येईनात. गल्लीतल्या विहिरीवर ते आले की बायका घागरी उचलत. ज्या माणसाच्या लेहियमाने सगळ्या गल्लीची दिवाळी सुरू व्हायची, त्याच्याकडे बघून दारं लागू लागली. ह्यांना शाळेच्या कारभाऱ्यांनी बोलावून सांगितलं, ते घर सोडा, शाळेच्या नावाला बरं दिसत नाही. हे म्हणाले, "दुसरं मिळालं की सोडतो." आणि घरी येऊन मला सांगितलं, "तू कुठे घर बघू नकोस, म्हणजे मिळायचं नाही." लग्न झाल्यापासून ह्यांनी माझ्याशी केलेला हा पहिला विनोद.

ते वर्ष दुखवट्याचं. सण नाही, वार नाही. रायरांनी ते काटेकोर पाळलं. टक्कल झाकायला त्यांनी आजोबांची जुनी दरबारी पगडी काढली. ती बरीच मोठी होती, बोलता बोलता भुवयांवर घसरायची. शेंडी पुन्हा ठेवली नाही. "दिली ती दिली," म्हणत.

वर्ष सरलं आणि नवरात्र आलं. तिकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्या रचून त्यावर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. रोज संध्याकाळी बायका एकमेकींकडे जातात, गाणं म्हणतात, हळदकुंकू, विडा आणि सुंडल, म्हणजे ओलं खोबरं घालून परतलेली उसळ, घेऊन येतात. रायरांच्या घरचा कोलू गावात नावाजलेला. राजवाड्यातून आलेल्या लाकडी राजाराणीची जोडी होती त्यांच्याकडे. त्या वर्षी त्यांनी माळ्यावरून पेट्या उतरवल्या. दारासुरमच्या विणकराकडून केळफुलाच्या रंगाचं लुगडं आणून अंबूच्या पुढे ठेवलं. ते नेसायचं की नाही यावर तिने एक दिवस घेतला. मग नेसली. कुंकू लावलं नाही. कपाळावर चंदनाची बारीक रेघ ओढली. ते तिचं तिने ठरवलं होतं.

बोलावणं करायचा तिथे रिवाज असा की घरच्या बाईने किंवा मुलीने करंडा घेऊन दारोदार जायचं. घरात तशी कोणी नाही. तेव्हा रायर स्वतः निघाले. पगडी, उपरणं, हातात कुंकवाचा करंडा. पुरुषाने, तेही साठी उलटलेल्या, कुंकवाचं बोलावणं करत फिरायचं! पोरं मागून हसत होती. प्रत्येक दारात उभं राहून ते म्हणत, "आमच्याकडे देवी बसली आहे. यावें." काही घरांत उत्तर आलं नाही, काहींनी हो म्हणून दार लावलं.

संध्याकाळी दिवे लागले. कोणी आलं नाही.

मी निघाले होते, पण आमच्याच दारात थांबले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मला दिवस होते. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं. दुपारी वाध्यारांची बायको विहिरीवर मला गाठून म्हणाली होती, "तू पोटुशी आहेस. केस ठेवलेल्या रांडवेच्या हातचं ओटीत घेऊ नकोस. मागच्यासारखं होईल." माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही असं मी वडिलांच्या घरी मोठ्या तोऱ्यात म्हणत असे. पोटात जीव असताना तसं म्हणणं वेगळं.

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "गणितात याचं उत्तर नाही. तुला काय वाटतं?"

मला आठवली ती अंबूची नखं, माझ्या मनगटातली. मी गेले.

कोलूसमोर समया जळत होत्या. रायर एका कोपऱ्यात खांबाला टेकून, अंबू दुसऱ्या. मला बघून दोघंही उभी राहिली, जणू मीच देवी. अंबूने तबक उचललं आणि सासऱ्यांकडे बघितलं.

"तूंच दे," ते म्हणाले.

मी पदर पसरला. नारळ, विडा, हळकुंड, सुंडलाचा द्रोण. ओटीत पडल्यावर मला काय वाटलं? काही नाही. म्हणजे नारळाचं वजन वाटलं. मी इतकी हलकी झाले की मला हसू आलं, आणि अंबूलाही.

"गाणें म्हणा मा," रायर म्हणाले. "देवी वाट पाहते."

मला तिकडच्या बायकांसारखं रागदारी गाणं येत नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडे या दिवसांत हादगा असतो. हत्तीचं चित्र काढून त्याभोवती फेर धरतात. त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. दोनशे वर्षांत तंजावरकडच्या मराठ्यांकडून ते वाटेत कुठेतरी सांडून गेलं होतं. "काय म्हणून हत्ती?" "फेर कुठून कुठे?" प्रश्नांवर प्रश्न. मग त्यांनी स्वतः तांदळाच्या पिठाने अंगणात हत्ती काढला. देवळातला हत्ती रोज बघणारा माणूस, सोंडेपासून घंटेपर्यंत सगळं हुबेहूब. अंबू आणि मी त्याच्याभोवती फेर धरला. मी सांभाळून, हळूहळू. रायर पितळेच्या तबकावर ताल धरून बसले आणि माझ्या साताऱ्याच्या गाण्यांतल्या प्रत्येक न कळलेल्या शब्दापाशी थांबवून अर्थ विचारू लागले.

शेवटी खिरापत ओळखायची असते, हेही मी सांगितलं. डब्यात काय आहे ते झाकून ठेवायचं आणि मुलींनी ओळखायचं. ते ऐकताच म्हाताऱ्याचे डोळे चमकले. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी दार सताड उघडं ठेवलं आणि दारात उभं राहून तमिळमध्ये ओरडले, "डब्यांत काय आहे, जी ओळखेल तिला सर्व!"

गल्लीतल्या मुलींना वाळीत टाकणं म्हणजे काय ते कुठे ठाऊक! आधी एक डोकावली. "कडलै?" म्हणजे हरभरे. "नाहीं." मग दोघी. "पयरु?" म्हणजे मूग. "नाहीं." तिसऱ्या संध्याकाळी अंगणात हत्तीभोवती परकरांचा असा घेर झाला की हत्ती दिसेना. त्यातल्या निम्म्या तमिळ, आणि माझ्या मागून मराठी गाणी काय वाटेल ते शब्द करून म्हणत होत्या. रायर रोज डब्यात काहीतरी भलतंच ठेवत. एकदा तर त्यांनी दिवाळीचं लेहियम आगाऊ करून ठेवलं होतं, आणि ज्या मुलीने ओळखलं तिने ते घ्यायला नकार दिला.

मुली आल्या म्हणून आया आल्या. न्यायला. दारात उभ्या राहून मुलींना हाका मारत, आत पाऊल टाकत नव्हत्या. असंच एका संध्याकाळी सगळ्या ओट्याखाली घोळका करून उभ्या असताना समोरच्या घरातून आत्याबाई आल्या.

आत्याबाई म्हणजे गल्लीचा धाक. नवव्या वर्षी विधवा झालेल्या, तेव्हापासून लाल आलवणात, डोक्यावरून पदर. कुणाच्या घरी काय ओवळं झालं हे त्यांना तिथल्या तिथे वास येऊन कळे म्हणत. त्यांना बघून आया बाजूला झाल्या. मीही फेर थांबवला. अंबू जागच्या जागी खिळली.

आत्याबाई ओटा चढल्या, अंगण ओलांडलं, अंबूसमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहत राहिल्या. मग हात पुढे करून तिच्या अंबाड्याला लावला.

"केवढे दाट ग," त्या म्हणाल्या. "माझेही होते. आई म्हणायची, मज आठवत नाहीं."



"फणी आण. असा कोण अंबाडा घालतें सणाच्या दिवशीं? बस खालीं."

अंबू बसली. आत्याबाई तिच्या मागे पाटावर बसल्या आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांदेखत तिचे केस सोडून, विंचरून, वेणी घालू लागल्या. बोटं वाकडी झालेली, पेड सारखे सुटत होते. त्या पुन्हा पुन्हा घालत होत्या. शेवटी ओट्याखालून वाध्यारांची बायकोच पुढे आली आणि म्हणाली, "आत्या, तसं नाही. सरका, मी घालते." आणि तिने आपल्या डोक्यातल्या गजऱ्याचा अर्धा तुकडा तोडला, क्षणभर हातात धरला, आणि अंबूच्या नाही, आत्याबाईंच्या हातात दिला. काय करायचं ते तुम्ही ठरवा, अशा अर्थाने. आत्याबाईंनी तो अंबूच्या वेणीत खोवला.

मी रायरांकडे बघितलं. पगडी भुवयांवर आली होती आणि ती वर सारायचं त्यांना भान नव्हतं.

सगळं लगेच गोड झालं असं नाही. थोरले भाऊ मरेपर्यंत बोलले नाहीत. दोन घरांनी शेवटपर्यंत रायरांकडचं पाणी घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत असताना भिंतीपलीकडून घंटा वाजली. वर्षाहून अधिक काळ गप्प असलेल्या देवघरातून घोगरा आवाज आला.

"ऐक. मी विसरलों नाहीं. माफही केलों नाहीं. पण काल घरांत बायका हांसल्या. तें सांगावयास मज दुसरा कोण आहे?"

मग थोडं थांबून, "समोरच्यांची म्हैस पुन्हां व्याली," आणि मंत्र सुरू झाले.

फाल्गुनात माझी मुलगी झाली. धडधाकट, आणि रडताना सगळी गल्ली जागी करणारी. तिला पहिली आंघोळ अंबूने घातली.

पुढे हे अंबूला संध्याकाळी हिशेब आणि भूमिती शिकवू लागले. वाचायला तिला तमिळ आणि मराठी दोन्ही येत होतं. दोनेक वर्षांनी जवळच मुलींची शाळा निघाली, तिथे बाई मिळेना, आणि ह्यांनी तिचं नाव सुचवलं. पुन्हा गल्लीत कुजबूज. विधवा सून, आणि नोकरी! रायरांनी फक्त विठोबाला चार दिवस दहीभात दिला. का, ते मला कळलं नाही. पाचव्या दिवशी नेमणुकीचा कागद आला आणि शिरा झाला.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होते. चैत्राचं ऊन, दहाच्या आधीच रस्ता तापलेला. अंबू पुस्तकं छातीशी धरून पुढे चालली होती. तिच्या मागे दोन पावलांवर रायर, दोन्ही हातांनी छत्री उंच धरून, तिच्यावर. स्वतः उन्हात.

नाक्यावर त्यांच्या ओळखीचे एक वकील कचेरीला निघाले होते. ते थबकले. "काय रायर, हें उलटें कसें? सून पुढें, सासरा मागें?"

"टीचरम्मांस उशीर होतो आहे," रायर म्हणाले. "बाजूस व्हा."

वकील बाजूला झाले. म्हाताऱ्याला धाप लागली होती, छत्री डुलत होती. अंबूने मागे वळून बघितलं नाही. तिने फक्त आपली पावलं हळू केली.